बाविसावं टिचबटण

मला वाट बघता येत नाही. हे तक्रार म्हणून लिहीत नाही, पुढचं समजावं म्हणून लिहिते. कुकरच्या तीन शिट्ट्या व्हायच्या आत माझा ओटा पुसून होतो, डबे भरून होतात आणि तरी मी गॅसपाशी उभी राहून शिट्टीकडे बघत असते. घरातले हसतात. पण गाड्यांच्या कुशनचं दुकान चालवायला हाच स्वभाव कामाला येतो. सीटकव्हरं, फोम, टपाची अस्तरं, टेम्पोच्या ताडपत्र्या. रोज दहा कामं येतात आणि दहाही लोकांना कालच हवी असतात. माझ्या डायरीच्या प्रत्येक पानावर चार रकाने आखलेले असतात: काम, कुणी, कधी, झालं. शेवटच्या रकान्यात खूण पडली की मला घास गोड लागतो. न पडलेली खूण जेवताना आठवते.

त्या वर्षी घटस्थापनेला आमच्याकडे एक असं काम आलं, ज्यात थोडंसं करायचं होतं आणि बाकी सगळं थांबायचं होतं.

आमचं दुकान जुन्या आग्रा रोडच्या आतल्या गल्लीत. पुढे पत्र्याची शेड, तिच्यापुढे चार गाड्या मावतील एवढं अंगण, वर आमचं घर. नवरा सिन्नरच्या कारखान्यात नोकरीला. दुकान सासऱ्यांचं, आणि वीस वर्षांपासून चालवते मी. सासऱ्यांना मी मामा म्हणते. ते एकोणऐंशी वर्षांचे. हात थरथरतात म्हणून कात्री सोडली, पण सकाळी नऊला खाली येऊन शेडमधल्या खुर्चीवर बसतात ते जेवायलाच उठतात. मशीनवर आमचा कारागीर. तोही आता पन्नाशीला आला. रोज सिन्नरजवळच्या खेड्यातून एसटीने येतो आणि आल्याबरोबर बस कशी चुकता चुकता मिळाली ते सांगतो.

गाडी सकाळी अकराच्या सुमाराला आली. दोन दारांची, बुटकी, विलायती, उघड्या टपाची. रंग कच्च्या पेरूसारखा. चालवत होते कुणी शेजारी. मालक बाजूच्या सीटवर मांडीवर काळं गाठोडं घेऊन बसले होते. बहात्तर-तिहत्तरचे असतील. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून निवृत्त झालेले. मी त्यांना काका म्हणायला लागले, तेच इथेही म्हणते.

गाठोडं म्हणजे गाडीचं कव्हर होतं. अशा गाडीला दोन पांघरुणं असतात. एक पावसाचं छत, कामट्यांवर उभं राहणारं. दुसरं हे सपाट कव्हर. छत मागे पाडलेलं असताना ते डॅशबोर्डपासून डिकीपर्यंत सीटांवरून ताणून बसवतात. मधोमध चेन असते. एकट्याने जायचं तर चेन उघडून ड्रायव्हरपुरता अर्धा भाग मोकळा करायचा, बाकीची गाडी झाकलेली. कडेने बावीस टिचबटणं. टोपी कव्हरमध्ये, खुंटी गाडीच्या पत्र्यावर.

कारागिराने कव्हर गाडीवर पसरलं. मागच्या बाजूची बटणं लावली तर पुढे चार बोटांची फट. पुढून लावली तर मागे.

"किती वर्षं घडी करून ठेवलं होतं?" मी विचारलं.

"तीन. डिकीत."

"गाडीवर लावून ठेवलं असतं तर आटलं नसतं काका. रेक्झिन ताणलेलं राहिलं की मापात राहतं."

"माहीत आहे," ते म्हणाले. "पण ते एकट्याला लागत नाही हो."

मग जे सांगितलं ते त्यांनी उभ्यानेच, गाडीच्या दारावर हात ठेवून सांगितलं. वसाहतीत गाडी उघड्यावर असायची. धूळ, पालापाचोळा, कावळे. रोज संध्याकाळी ते एका बाजूला आणि बायको दुसऱ्या बाजूला उभी राहून कव्हर लावत. सत्तावीस वर्षं. तीन वर्षांपूर्वी बायको गेली. त्यांनी आठ दिवस एकट्याने प्रयत्न केला, मग घडी घालून डिकीत टाकलं. आता त्यांच्या डोळ्यांना समोरचं दिसतं, कडेचं दिसत नाही, आणि डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही म्हणून सांगितलंय. मुलगी पुण्याला असते. ती दसऱ्याला अकरा वाजता येऊन गाडी घेऊन जाणार होती.

"दुकानातूनच नेईल," ते म्हणाले. "मला तिच्या ताब्यात गाडी कव्हर लावलेली द्यायची आहे. जशी असायची तशी. अशी उघडी नाही देणार."

"साहेब, हे तर मेलंय," कारागीर म्हणाला. "चार दिसांत नवं शिवून देतो. सेम टू सेम."

"सेम टू सेम नको. हेच."

मामा खुर्चीतून उठले. तरुणपणी देवळालीला बंगलेवाल्यांच्या गाड्यांची छतं शिवत ते हे काम शिकले होते. त्यांनी कव्हरची कड दोन बोटांत धरून चोळली, उलटी केली, वास घेतला.

"मेलं नाही. आखडलंय. म्हाताऱ्या माणसासारखं हळूहळू सरळ करावं लागेल."

"तुमच्यासारखं का मामा?" कारागीर.

"माझ्यासारखंच. तू ओढून बघ, मग दाखवतो."

मी डायरी उघडली. नऊ दिवस. पहिल्या दिवसाच्या पानावर लिहिलं: कोमट पाण्याने धुणे. चेनला मेण. नाडी, जुने धागे, चिकटपट्टी काढणे. सावलीत वाळवणे. संध्याकाळपर्यंत चारही ओळींपुढे खुणा पडल्या. धुणं कारागिराने केलं, काढायचं ते मी काढलं. इथपर्यंत मी खूश होते.

दुसऱ्या दिवसापासून थांबणं सुरू झालं.

मामांची पद्धत अशी. उन्हात गाडी उभी करायची, कव्हर वर पसरायचं, अकरापर्यंत त्याला हात लावायचा नाही. काळं रेक्झिन तापून मऊ पडलं की मागच्या मधल्या बटणापासून दोन्हीकडे जाता येईल तेवढंच जायचं. जे बटण सहज लागेल ते लावायचं, जे लागणार नाही तिथे कव्हरच्या कडेला नवारीची पट्टी अडकवून तिला वाळूची छोटी पिशवी लोंबती ठेवायची. ओढायचं ते वाळूने, माणसाने नाही. आणि लागलेलं बटण पुन्हा उघडायचं नाही, रात्रीसुद्धा. काढलं की कव्हर कालचं सगळं विसरतं.

"मग आम्ही काय करायचं?" मी विचारलं.

"दुसरी कामं कर."

दुसरी कामं मी केली. पण दर अर्ध्या तासाने अंगणात जाऊन येत होते. पोलादी पट्टी घेऊन फट मोजत होते. कारागीर बोटांनी मोजायचा, मी मिलिमीटरमध्ये लिहायची.

"वहिनी, सारखं बघून ते लाजतंय," तो म्हणाला.

पहिल्या उन्हात नऊ बटणं लागली. तिसऱ्या दिवशी चौदा. चौथ्या दिवशी दुपारपर्यंत चौदाच. गल्लीच्या तोंडाशी देवीच्या यात्रेची गर्दी, पाळण्यांचे भोंगे, वाहतूक वळवलेली, त्यामुळे आमची दोन गिऱ्हाइकं परत गेली. मला हाताला काम नव्हतं. मामा जेवायला वर गेले होते. मी हीट गन घेतली आणि उजव्या बाजूला गरम वारा मारायला लागले. फक्त पंधराव्या बटणापुरता. रेक्झिन मऊ पडलं, मी पक्कडीने कड धरून ओढली, बटण लागलं. टिच. काय तो आनंद. मग गन बाजूला केली तर तळहाताएवढ्या जागेतली दाणेदार नक्षी पुसून तिथे आरशासारखी चकाकी आली होती. पक्कडीच्या दातांचे दोन वणही उठले होते.

मामा खाली आले. त्यांनी गाडीला एक चक्कर मारली. चकाकीवर अंगठा फिरवला. माझ्याकडे बघितलं नाही. गनची वायर गुंडाळली आणि गन आपल्या खुर्चीखाली ठेवली.

"दाणा गेला तो गेला," एवढंच म्हणाले.

संध्याकाळी काकांचा फोन. ते रोज सहाला करत. "कुठवर आलं ताई?"

"पंधरा," मी म्हणाले. चकाकीचं सांगितलं नाही. ते मी डायरीतही लिहिलं नव्हतं. माझ्या डायरीत न लिहिलेली गोष्ट म्हणजे ती किती खुपत असेल ते माझं मलाच माहीत.

पाचव्या दिवशी आभाळ आलं. दिवसभर ऊन नाही. परतीचा पाऊस येतो की काय म्हणून मी गाडी शेडमध्ये घ्यायला लावली, दुपारी बाहेर, चारला पुन्हा आत. कारागीर म्हणाला, "गाडीचं लय चालवणं झालं वहिनी, आता तिला परत इंजिनाचं काम निघंल." सहाव्या दिवशी चांगलं कडक ऊन पडलं, तो ऑक्टोबरचा चटका, आणि कव्हर एकदम सैलावलं. एकोणीस. सातव्या दिवशी बाराच्या आत एकवीस.

राहिलं एक. उजवा मागचा कोपरा. फट बावीस मिलिमीटर.

दुपारी मोजली, बावीस. संध्याकाळी, बावीस. वाळूची पिशवी दुप्पट केली. मामांनी येऊन कव्हरवर मधोमध टिचकी मारली. दिमडीसारखा आवाज आला.

"हे पूर्ण आलंय," ते म्हणाले. "आता याच्याकडून मागू नको. दोष दुसरीकडे बघ."

"दुसरीकडे कुठे? फट तर इथेच आहे."

त्यांनाही माहीत नव्हतं. खांदे उडवून बसले.

मला मात्र उपाय दिसत होता, आणि तो पंधरा मिनिटांचा होता. कव्हर खुंटीपर्यंत येत नसेल तर खुंटी कव्हरपर्यंत आणायची. पत्र्याला दोन बोटं वर नवीन भोक पाडायचं, खुंटी तिथे बसवायची, जुनं भोक लांबीच्या लगद्याने बुजवून रंगवायचं. अशा कामात सगळे हेच करतात. मी डायरीत लिहिलं: उद्या सकाळी दहा, कोपरा, ड्रिल. आणि कारागिराला मोठ्याने सांगितलं. तो मामांकडे बघत 'बरं' म्हणाला, ते मी लक्षात घ्यायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी नऊला खाली उतरले तर शेडमध्ये उदबत्तीचा धूर. चौरंगावर लाल कापड, त्यावर मोठी कात्री, छोटी कात्री, पक्कड, पंच, हातोडी, हीट गन, सुयांचा डबा, आणि मधोमध, देवासारखं, ड्रिल. सगळ्यांना हळदकुंकू वाहिलेलं. मशीनच्या चाकाला झेंडूची माळ. मामा नारळाला कुंकू लावत होते.

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते. एकदा हळदकुंकू वाहिलं की दसऱ्याची दुपार होईपर्यंत हत्यार उचलायचं नाही. हे मला ठाऊक होतं आणि डायरीत धरलेलंही होतं. नवमीच्या पानावर मी काही कामच लिहिलं नव्हतं. पण तो दिवस नवमीचा नव्हता.

"मामा, आज अष्टमी आहे."

"दुपारून नवमी लागते."

"दुपारी लागते ना? आत्ता नऊ वाजलेत. आणि पूजा उद्याची. कॅलेंडरात लिहिलंय."

"देवाला घड्याळ दाखवू नको, सूनबाई."

"मग दोन दिवस दुकानात करायचं काय?"

"यात्रेला जाऊन ये. पाळण्यात बस. डायरीत लिही."

मी कारागिराकडे वळले. तो पत्र्याकडे बघत होता. "हळदकुंकू वाह्यलेल्या हत्याराला आपन हात नाय लावनार वहिनी. आमच्यात नाय चालत."

"दोन वर्षांपूर्वी दसऱ्याच्या सकाळी रिक्षाचं टप कुणी शिवलं?"

"तवा मामा गावाला गेलते."

मी तडक शेजारच्या गॅरेजमध्ये गेले. तिथला मेकॅनिक गाडीखालून बाहेर आला, हात पुसले.

"ड्रिल द्या, अर्ध्या तासात आणून देते."

"ड्रिल आहे की. पण मामा सकाळी येऊन गेले. म्हणाले, वहिनी आल्या तर द्यायचं नाही."

"तुम्ही माझं ऐकणार का त्यांचं?"

"वहिनी, तुम्ही तासभर रागावता. मामा वर्षभर लक्षात ठेवतात."

मी परत आले. अंगणात दोन फेऱ्या मारल्या. नवं ड्रिल विकत आणता आलं असतं, दुकान पाच मिनिटांवर होतं. चप्पल घातलीसुद्धा. मग वाटलं, गाडी माझी नाही. निदान मालकाला विचारावं. मी काकांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. एकवीस लागलीत, एक लागत नाही, दोन बोटं वर भोक पाडलं तर लागेल, परवानगी द्या. हीट गनचंही सांगून टाकलं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मी उद्या येतो," ते म्हणाले. "भोक पाडू नका."

"पाडता येतच नाहीये," मी म्हणाले.

ती अष्टमीची दुपार मी कशी काढली ते सांगण्यासारखं नाही. फोमचे तुकडे जाडीप्रमाणे लावले. धाग्याच्या रिळांना रंगांच्या चिठ्ठ्या लावल्या. मामा खुर्चीत डुलक्या घेत होते आणि दर डुलकीनंतर एक डोळा उघडून ड्रिल जागेवर आहे का बघत होते.

नवमीला दहा वाजता काका रिक्षाने आले. गाडी समोर होती तरी ते आधी तिच्याकडे बघत उभे राहिले नाहीत. डाव्या पुढच्या कोपऱ्यापाशी गेले, वाकले आणि बोटांनी बटणं चाचपत निघाले. एक, दोन, तीन. तोंडाने मोजत होते. चकाकी आलेल्या जागेवर बोटं थांबली.

"हे ते का?"

"हो काका. माझी चूक."

"असू दे," म्हणाले आणि पुढे गेले. एकवीसला पोचले. मग उजव्या मागच्या कोपऱ्याला त्यांची बोटं कव्हरच्या कडेवरून खाली गेली, काहीतरी शोधल्यासारखी, पुन्हा वर आली, पुन्हा खाली.

"नाडी कुठे आहे?"

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मला पहिल्या दिवसाचं पान दिसलं. तिसरी ओळ. नाडी, जुने धागे, चिकटपट्टी काढणे. पुढे माझी खूण, ठसठशीत.

"मी कापली," मी म्हणाले.

"फेकली?"

"नाही. मी काही फेकत नाही."

ते खरं आहे. काढलेला प्रत्येक खिळासुद्धा आमच्याकडे पाकिटात जातो आणि पाकिटावर चिठ्ठी लागते. मी आत गेले, टेबलाचा खालचा खण उघडला. पाकिटावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: एकलहरे, हिरवी गाडी, काढलेले. आत चिकटपट्टीचा गोळा, धागे, आणि ती नाडी. एकेकाळी पांढरी असेल. दुमडून दुहेरी केलेली, दोन बोटं लांब, एका टोकाला टाक्यांच्या खुणा, दुसऱ्या टोकाला टिचबटणाची टोपी. त्या दिवशी मला ती कुणीतरी केलेली वेळ मारून नेणारी दुरुस्ती वाटली होती. कोपऱ्यात आत दुसरी टोपी होती म्हणून मी तीच खरी धरली होती.

काकांनी ती तळहातावर घेतली.

"नाशिकरोडला बसने मागून घासलं होतं," ते सांगायला लागले. "पत्रा ठोकला, आणि ठोकणाऱ्याने खुंटी दोन बोटं खाली बसवली. कव्हर तिथवर जाईना. मी म्हटलं, पुन्हा पत्र्याचं काम काढू. ती म्हणाली, कशाला? घरात गेली, परकराची नाडी काढली, दुमडून शिवली, टोपी बसवून आणली चांभाराकडून. म्हणाली, संध्याकाळी लावायचं, सकाळी काढायचं, कोण बघतंय?"

मामा टिचकी मारल्यासारखे गुडघ्यावर बोट आपटत म्हणाले, "तरी म्हटलं. कव्हर तर पूर्ण आलंय."

मला तिथे उभं राहवेना. शिवायला हवी होती सुई, आणि सुयांचा डबा चौरंगावर. मी जिना चढून वर गेले, स्वयंपाकघराच्या खणातला माझा शिवणाचा डबा काढला, जाड सुई आणि गोधडीचा दोरा घेऊन खाली आले. वीस वर्षं दुकान चालवलं, पण रेक्झिनला टाका मी कधी घातला नव्हता. सुया ओवणारे दुसरे होते.

"मामा," कारागीर हळूच म्हणाला, "हे शिलाईचंच काम झालं की. चालतंय?"

"घरची सुई आहे," मामा म्हणाले. "घरच्या सुईला कधी सुट्टी असते का?"

मी सुई ओवली. कव्हरच्या कडेला जुन्या टाक्यांची भोकं तशीच होती, बारीक, चार आणि चार. मी त्यांतूनच दोरा नेला. मामा खुर्ची ओढून जवळ बसले. "बाहेरून आत. हं. दोनदा घे. घाई नको." मला एरवी कुणी घाई नको म्हटलेलं चालत नाही. त्या दिवशी चाललं.

मला वाटलं आता नुसतं बटण दाबायचं. पण काका म्हणाले, मागची दोन्हीकडची तीन-तीन उघडा. लागलेलं उघडायचं नाही, हे सात दिवस ऐकलं होतं. मामांनी मान हलवली तेव्हा उघडली.

"तुम्ही तिकडे जा," काका मला म्हणाले आणि स्वतः उजव्या बाजूला उभे राहिले. "एकदम लावायचं. एका बाजूचं आधी लावलं की दुसरी बाजू रुसते. हं, ओढा. आता."

मी माझं बटण दाबलं. ते लागलं. मी पुढच्याला हात घातला.

"लागलं?" पलीकडून काका.

मी मान हलवली.

"ताई, लागलं का?"

"हो, लागलं."

"'लागलं' म्हणायचं. मला दिसत नाही ना. आधीही दिसत नव्हतं, मध्ये गाडी असते."

मग दुसरं. लागलं? लागलं. तिसरं. लागलं? लागलं. माझ्या बाजूची संपली. त्यांच्या बाजूला नाडी राहिली. ते खाली बसले, नाडी ओढून खुंटीवर धरली आणि अंगठ्याने दाबली. टिच आवाज अंगणभर ऐकू गेला. मी मोजपट्टी खिशातून काढलीच नाही.

दसऱ्याला मी सात वाजल्यापासून तयार होते. अंगणात रांगोळी, गाडीला झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू. काका साडेनऊलाच येऊन बसले होते. अकरा वाजले, मुलगी आली नाही. मी गल्लीच्या तोंडापर्यंत चार वेळा जाऊन आले. सव्वाअकराला रिक्षा थांबली. चाळिशीची बाई, पाठीवर पिशवी. ती सरळ गाडीपाशी गेली. हार बघितला नाही, लिंबू बघितलं नाही. उजव्या मागच्या कोपऱ्याला बोट लावलं.

"अगंबाई, आईची नाडी अजून आहे?"

"आहे की," काका म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही, आणि त्यासाठी मी त्यांची ऋणी आहे.

मग चावी देऊन झाली, आपट्याची पानं देऊन झाली, मामांच्या पाया पडून झालं. ती चेन उघडून ड्रायव्हरच्या जागी बसली आणि बाजूच्या झाकलेल्या सीटकडे बघून म्हणाली, "पप्पा, तुम्ही कुठे बसणार?"

"मी रिक्षाने येतो मागून. कव्हर राहू दे."

"काहीतरीच. नऊ बटणं तर आहेत." आणि ती खाली उतरून, वाकून, भराभर उघडत गेली. टिच, टिच, टिच, टिच.

कारागिराने कपाळाला हात लावला. "नऊ दिस लावलं वहिनी. एका मिनिटात उकललं."

"पुन्हा आटेल हो ते," मी पुढे झाले. "आजच लावायला हवं. गरम आहे तोवर."

"घरी जाऊन लावतो," मुलगी म्हणाली. "आजची रात्र मी एकलहऱ्यालाच आहे. उद्या निघणार."

"एकट्याने लागत नाही ते."

"माहीत आहे," ती म्हणाली.

काका शेजारी बसले. गाडी गल्लीतून गेली. मी झाडू घेऊन अंगण झाडलं, लिंबाचा चोथा उचलला. दुपारी मामांनी चौरंगावरची हत्यारं उतरवली, एकेक पुसून भिंतीवर लावली. ड्रिल माझ्या हातात दिलं.

"आता पाड कुठे पाडायची ती भोकं."

"मामा, तिथी खोटी केलीत."

"तिथीचं मी देवाशी बघून घेईन. पत्र्याचं भोक बुजत नाही."

दुकान बंद करायचं होतं. डायरी उघडली. हिरव्या गाडीच्या शेवटच्या ओळीपुढचा रकाना कोरा होता. नवमीला बटण लागलं तेव्हा मी खूण करायला हवी होती, केली नव्हती. आता करायला गेले तर पेन टेकेना. काम झालं म्हणावं तर अर्धं कव्हर उघडून गाडी गेली होती. चार वाजले, पाच वाजले. एकलहरे काही लांब नाही. ते पोचून चहा पिऊन झाला असेल. लावलं असेल का? नाडीचा टाका सुटला असेल का? माझाच टाका तो. मी वर जाऊन ओटा पुसला. पुन्हा पुसला.

सहा वाजता, रोज त्यांचा फोन यायचा त्या वेळेला, मीच लावला. बराच वेळ वाजला. मुलीने उचलला. आवाज लांबून येत होता, फोन कुठेतरी ठेवून बोलत असावी.

"हं, बोला. एक मिनिट थांबा हं, माझे दोन्ही हात अडकलेत."

मी थांबले. पलीकडे कावळे ओरडत होते. मग काकांचा आवाज, आणखी लांबून, गाडीच्या दुसऱ्या बाजूने.

"लागलं?"

ती काही बोलली नाही. मान हलवली असणार. मला राहवलं नाही, मी फोनमध्येच ओरडले, "अहो ताई, तोंडाने सांगा त्यांना!"

"लागलं पप्पा!" ती म्हणाली. "लागलं. तुमचं?"

आणि त्या लांबच्या बाजूने, बारीक पण स्वच्छ, टिच.